पाटीवरचे एक्केचाळीस

आमच्या मरोळच्या ऑफिसात अकरा कॉम्प्युटर होते आणि एक पाटी होती. लाकडी चौकटीची, दगडी, पहिलीतल्या मुलाच्या दप्तरात असायची तसली. चौकटीच्या कोपऱ्याला भोक, भोकात सुतळी आणि सुतळीला बांधलेलं ओलं फडकं. ती ताईंच्या टेबलावर मॉनिटरला टेकून उभी असे. नवा माणूस आला की आधी पाटीकडे बघायचा, मग ताईंकडे बघायचा आणि मग हसू दाबायला पाण्याची बाटली तोंडाला लावायचा. मीही लावली होती. ठसका लागला.

सगळेच त्यांना ताई म्हणत. साहेब त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत. आमचं काम म्हणजे लोकांनी गोळा केलेली माहिती घ्यायची, ती ‘आर’ नावाच्या संख्याशास्त्राच्या भाषेत भरायची आणि तिच्यातून तक्ते, याद्या, टक्केवाऱ्या काढून द्यायच्या. माझ्या आईला हे शेवटपर्यंत समजलं नाही. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी काय काय केलं ते ती सविस्तर सांगायची, पण माझ्यावर आली की म्हणायची, “माजो झील कॉम्प्युटरात कायतरी भरता.” खरं सांगायचं तर माझ्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही.

मुलाखतीत ताईंनी मला एक फाइल दिली. “वाच,” म्हणाल्या. मी एका ओळीची आज्ञा टाईप केली, एंटर दाबलं आणि खुर्चीत रेलून म्हणालो, “झालं. बाराशे सात माणसं.”

“शेवटचं माणूस कोण रे?”

मी खाली गेलो. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘एकूण’, आणि वयाच्या रकान्यात अडतीस हजार पाचशे ब्याण्णव.

“हे एकूण कुठं राहतात?” ताई अगदी गंभीरपणे म्हणाल्या. “अडतीस हजार वर्षांचे आहेत म्हणे. एकदा पाया पडून यायला पाहिजे.”

मी कानापर्यंत लाल झालो. तरी नोकरी मिळाली. पुढे कधीतरी मी विचारलं, ताई, मला घेतलंत कसं? म्हणाल्या, “खोटं नाही बोललास. लाजलास. लाजणाऱ्या माणसाला शिकवता येते.” हे वाक्य मी बरीच वर्षं घरात प्रशस्तिपत्रकासारखं वापरलं. नंतर वापरायचं बंद केलं. त्याचं कारण पुढे येईलच.

पाटीचा नियम साधा होता. कोणतीही फाइल भरण्याआधी पाटीवर तीन आकडे लिहायचे: ओळी किती, रकाने किती, आणि प्रत्येक रकान्यात भरलेली घरं किती. मग फाइल भरायची, तेच तीन आकडे पुन्हा मोजायचे आणि शेजारी लिहायचे. जुळले तर फडकं मारायचं. नाही जुळले तर कुणी चहाला उठायचं नाही. आम्ही म्हणायचो, ताई, हे सगळं मशीनवर दोन ओळींत होतं. त्या म्हणायच्या, “मशीनने केलेलं मशीनलाच विचारणार? चोराला विचारून पंचनामा करतोस काय?”

फाइलींशी त्या पाहुण्यांसारखं वागायच्या. आमच्याकडे फाइली हरतऱ्हेच्या येत. कुणी साधा मजकूर पाठवी, कुणी स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी, कुणी एक्सेलचे रंगीत तक्ते, तर एखादं कॉलेज जुन्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरची अशी फाइल पाठवी, की ती उघडायला आधी तिचं कूळ शोधावं लागे. “पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, मग गाव विचारायचं. एकदम ताटावर नाही बसवायचं,” हे ताईंचं सूत्र. स्वल्पविरामवाली फाइल म्हणजे सरळ माणूस, पण पत्त्यात एखादा स्वल्पविराम आला की घरात भांडण लावणार. जुन्या सॉफ्टवेअरवाली म्हणजे आपलं अंथरूण-पांघरूण बरोबर घेऊन येणारी मावशी. प्रत्येक आकड्याचा अर्थ तिच्याच पेटीत. आणि एक्सेल? “ती नटून येते. तिच्याशी गोड बोलायचं, पण विश्वास टाकायचा नाही.” असं म्हणून त्या फाइलीच्या पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा ओळी मोठ्याने वाचायच्या. नाव, वय, खोली नंबर, सगळं. ऑफिसात हजेरी घेतल्यासारखं वाटायचं. एकदा मी मागून “हजर!” म्हणालो. ताईंनी मान न वळवता माझ्या नावापुढे एक काल्पनिक फुली मारली.

एका गोष्टीवर मात्र त्यांच्याशी चेष्टा चालत नसे: रिकामं घर. रकान्यातलं एखादं घर रिकामं असलं आणि कुणी तिथे सोयीसाठी शून्य भरलं, किंवा ‘नाही’ असं धरलं, की ताईंचा आवाज खाली यायचा. आवाज खाली आला की आम्ही सावरून बसत असू. “रिकामं म्हणजे नाही, असं नसते रे. शून्य म्हणजे विचारलं आणि उत्तर आलं. रिकामं म्हणजे अजून कुणी विचारलंच नाही.”

हे कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, डबा खाताना. त्यांचे वडील अकोल्याकडून चेंबूरला आले आणि तिथे झोपडं बांधून राहिले. ताई दुसरीत असताना झोपड्यांची मोजणी करणारा माणूस आला. वडील कामावर होते, आई पाण्याच्या रांगेत आणि ताई शाळेत. दाराला कडी. त्याने घराच्या नंबरापुढे काही लिहिलं नाही. पुढे कुणीतरी त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘कोणी राहत नाही’ असा लावला. शेजारच्या सगळ्यांना पर्यायी जागा मिळाली. “आमचं घर पाडायला आले तेव्हा बाबा त्या साहेबाला सांगत होते, अहो, मी उभा आहे ना इथं, मी राहतो. साहेब कागद दाखवत होता.” एवढं सांगून ताईंनी चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला. “घे. तिखट आहे, बाप्पा, जपून.” पाटी त्यांची दुसरीतलीच होती, हे मला त्या दिवशी कळलं.

इतकं सगळं माहीत असून मी ते केलं, म्हणून तर हे लिहायला बसलोय.

घाटकोपरच्या एका टेकडीवर आणि आजूबाजूच्या तीन वस्त्यांत एका ट्रस्टने घरोघरी जाऊन छातीच्या आजारांची पाहणी केली होती. कामाची आखणी साधी होती. पाहणी करणाऱ्या सिस्टर दारात जाऊन खोकला, ताप, वजन विचारत. कुणाचं लक्षण वाईट दिसलं तर ‘पुन्हा बोलवा’ या रकान्यात कारण लिहीत. आम्ही चारही वस्त्यांच्या फाइली भरून त्या रकान्यातली नावं काढायची, आणि ट्रस्टने त्या माणसांना तपासणीला बोलवायचं. फाइली आल्या डिसेंबरात. चार वस्त्या, चार तऱ्हा. नेमक्या त्याच आठवड्यात आईच्या ऑपरेशनसाठी ताई अकोल्याला गेल्या. जाताना पाटी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. म्हणजे गादीच दिली म्हणायची.

शुक्रवार होता. साडेचारला माझ्या मुलीच्या, ऋताच्या, शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ती त्यात झाड होती. संवाद नव्हता, पण झाडाच्या बापाने पहिल्या रांगेत बसायचं हे घरात ठरलेलं होतं. तीन फाइली नीट भरल्या. चौथी टेकडीवरची, एक्सेलची. मी पाटीवर ओळी लिहिल्या, रकाने लिहिले, फाइल भरली. दोन्ही आकडे जुळले. आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत एक ओळ आली: एक्केचाळीस इशारे आहेत, बघायचे असतील तर अमुक आज्ञा द्या.

लाल अक्षरांशी माझं लहानपणापासून वाकडं. प्रगतिपुस्तकात ती दिसली की मी पान उलटायचो. इथेही उलटलं. इशारे दाबून टाकायची एक आज्ञा असते, ती मी लिहिली आणि पुन्हा फाइल भरली. लाल ओळ गेली. स्क्रीन कसा स्वच्छ. भरलेली घरं मोजायचा तिसरा आकडा राहिला, तेव्हा चार वाजले होते.

वाटेत ताईंचा फोन आला. मागे हॉस्पिटलचा गलका.

“पाटी भरली?”

“भरली, ताई.”

“तिन्ही?”

“तिन्ही.”

झाडाने फार सुंदर काम केलं. वाऱ्यावर हललंसुद्धा.

एप्रिलमध्ये ट्रस्टच्या सिस्टरचा फोन आला. मधे त्यांची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली होती, आणि त्या सहज जुन्या टेकडीवर गेल्या होत्या. फोन ताईंनी घेतला, स्पीकरवर. सिस्टर चिडलेल्या नव्हत्या, नुसत्या गोंधळलेल्या होत्या. “ताई, वरच्या चाळींतून एकाला पण बोलावणं गेलं नाही. मी स्वतः लिहिलं होतं हो. बाकी तिन्ही वस्त्यांतली माणसं येऊन गेली. टेकडीचे कुठंयत?”

ताईंनी फोन ठेवला, मूळ फाइल उघडली आणि ‘पुन्हा बोलवा’चा रकाना धरून खाली जायला लागल्या. पहिल्या ओळी पायथ्याच्या इमारतींच्या. तिथे अर्धी दारं साखळी लावूनच उघडली होती आणि ‘आम्हाला काही नाही’ म्हणून बंद झाली होती. रकाना रिकामा. शंभर ओळी, पाचशे, हजार, सगळ्या रिकाम्या. मग टेकडी चढू लागली, आणि अक्षरं दिसायला लागली. महिनाभर खोकला. रक्त. वजन उतरलं. रात्री घाम.

झालं होतं ते असं. आम्ही वापरायचो ती आज्ञा एक्सेलची फाइल भरताना पहिल्या हजार ओळी बघते आणि रकान्यात काय असणार याचा अंदाज बांधते. हजार घरं रिकामी दिसली, की इथे मजकूर येणार नाही असं ती ठरवते. पुढे कुणाच्या घरात शब्द सापडला तर तो टाकून देते आणि जागा रिकामी सोडते. पण टाकताना सांगते. दर शब्दामागे एक इशारा देते. मशीनने मला एक्केचाळीस वेळा सांगितलं होतं. प्रत्येक माणसामागे एकदा.

ताईंनी माझा प्रोग्रॅम उघडला. इशारे दाबायची ती ओळ त्यांच्या स्क्रीनवर होती. त्यांनी तीही मोठ्याने वाचली, दहा ओळींसारखीच. मग विचारलं, “तिसरा आकडा?”

“नाही लिहिला.”

“काहून?”

“ऋताचं गॅदरिंग होतं. झाड होती ती.”

मला वाटलं, आता आवाज खाली येईल. आवाज आलाच नाही. त्यांनी पाटी ओढली, फडक्याने पुसली आणि मोठ्या आकड्यात लिहिलं: ४१.

साहेबांचं म्हणणं होतं की सुधारित यादी पाठवू, विषय संपला. “यादी तर पाठवाच,” ताई म्हणाल्या, “पण कारणासकट. आणि मी आणि हा सावंत वर जाऊन येतो.” बोट माझ्याकडे होतं. साहेब म्हणाले, “ताई, आपलं काम आकड्यांचं आहे. घरोघर जायचं नाही.” ताई चपला घालत होत्या. “आकडे कुठून आले, साहेब?”

तो ट्रस्ट पुन्हा आमच्याकडे आला नाही. बरोबर केलं.

एप्रिलच्या उन्हात आम्ही ती टेकडी चढलो. पाण्याचे पाइप पायऱ्यांना लागून वर जात होते, त्यांच्यावरून उड्या मारत. मला दर वीस पायऱ्यांना दम लागत होता आणि पन्नाशीच्या ताई पुढे. हातात एक्केचाळीस ओळींचा कागद. पहिलं नाव होतं सुमन, वय बेचाळीस, महिनाभर खोकला, वजन उतरलं. दार उघडंच होतं. एक गृहस्थ जमिनीवर मिक्सर उघडून बसले होते. भोवती स्क्रू, वायर आणि भांड्याची झाकणं.

“सुमनताई आहेत का?” ताईंनी विचारलं.

“जानेवारीत गेली,” ते म्हणाले. मग आम्ही दारातच उभे राहिलो म्हणून म्हणाले, “या ना आत. पंखा आहे.”

आम्ही बसलो. ताईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. यादीवरची सही माझी होती. मी सांगायला सुरुवात केली. काय सांगितलं ते आता आठवत नाही. फाइल, रकाना, इशारा, असले काहीतरी शब्द. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ती बाई लिहून गेली ना,” ते म्हणाले, “तेव्हापासून सुमन म्हणायची, आता बोलावणं येईल. मी म्हटलं, चल, आपणच जाऊ दवाखान्यात. तर म्हणे, नाव दिलंय, त्यांचे मोठे डॉक्टर बघणार आहेत, थांबा ना जरा. फोन जवळ घेऊन बसायची. कुणाला गाणी पण लावू द्यायची नाही, चार्जिंग उतरेल म्हणून.”

मी म्हणालो, “चूक माझी आहे.”

“म्हणजे तुमच्या मशीनमध्ये तिला काही झालंच नव्हतं?”

“नव्हतं.”

त्यांनी एक स्क्रू उचलला, बघितला, परत ठेवला. “मग मशीनमध्ये बरी असेल ती अजून,” ते म्हणाले. आणि उठून आमच्यासाठी पाणी आणलं.

पायऱ्या उतरताना मी म्हणालो, “ताई, मी नोकरी सोडतो.”

“सोड. चाळीस घरं करून सोड.”

आधी चाळीस घरं, मग नोकरी, मग लाज, अशी ती माझ्या आयुष्याची क्रमवारी ताईंनी तिथे पायरीवर उभं राहून लावली. नोकरी सोडायचं पुढे राहून गेलं. घरं मात्र केली. उत्तर मिळालं की पाटीवरचा आकडा एकाने उतरायचा. उत्तर म्हणजे चांगलंच असं नव्हे. कुणी आधीच दुसरीकडे औषध घेत होतं. कुणाचा नुसता खोकलाच होता, तो गेलाही होता. एका आजोबांनी आम्हाला विमा विकणारे समजून हाकललं, ताई तीनदा परत गेल्या. चौथ्यांदा आजोबा त्यांना ‘आली का माझी सासू’ म्हणाले आणि मुकाट्याने तपासायला आले. बारा जणांचा आजार पक्का निघाला आणि त्यांचं औषध सुरू झालं, चार महिने उशिरा. सुमनताई धरून तिघं गेलेले होते. त्यातल्या प्रत्येक घरी ताई मला पुढे बसवायच्या आणि स्वतः गप्प राहायच्या. मला वाटायचं ही शिक्षा आहे. आता वाटतं, त्यांना दुसरा कुठलाच हिशेब चालत नव्हता: ज्याची ओळ, त्याने सांगायची.

ऑफिसातल्या कामासाठी त्यांनी दुसरी पाटी आणली. पहिली तशीच उभी राहिली. एकदा बाहेरचे पाहुणे यायचे होते, तेव्हा साहेब म्हणाले, “ताई, हा आकडा आजच्यापुरता पुसा, विचारतील.” ताईंनी पाटी उचलून पाहुण्यांच्या खुर्चीसमोर ठेवली. त्या दिवशी १७ होता. पाहुण्यांनी खरंच विचारलं. ताईंनी खरंच सांगितलं.

पाऊस संपेपर्यंत सतराचे चार झाले, मग दोन, आणि मग एक. त्या एकावर पाटी अडकली. गुड्डू, वय सव्वीस, पायथ्याच्या गाळ्यात नळांना पॉलिश करायचा. कारण: दोन महिने खोकला, रक्त. खोलीत आता दुसरे लोक होते. पूर्ण नाव कुणाला ठाऊक नाही, फोन बंद, आणि गाळा वसईकडे कुठेतरी हललेला. मी एकदा म्हणालो, ताई, एक्केचाळिसातले चाळीस झाले. त्या म्हणाल्या, “त्याला जाऊन सांग ते.”

वर्षं गेली. ऑफिस बंद होऊन सगळे घरून काम करू लागलो. पाटी ताईंबरोबर चेंबूरला गेली. पण दर दोन-चार महिन्यांनी त्यांचा फोन यायचा, आणि नमस्कार-चमत्काराच्या आधी प्रश्न: “गुड्डू?” मी वसईच्या गाळ्यांत दोनदा फिरून आलो, रिकाम्या हाताने. माझी बायको म्हणायची, “अहो, सापडेल तेव्हा सापडेल, तुम्ही जेवा.” तिचं बरोबरच होतं. मी जेवायचो.

मागच्या वर्षी ताईंच्या पोटात गाठ निघाली. मी भेटायला गेलो तेव्हा दुपारचं जेवण नुकतं झालं होतं आणि ताटातलं सगळं ताटातच होतं. ताई एवढ्याशा झाल्या होत्या. मी मोसंब्यांची पिशवी घेऊन उभा.

“काहून तोंड पाडलं रे? मेली काय मी अजून?”

“नाही, ताई.”

“गुड्डू?”

मला वाटलं, खोटं बोलावं. सापडला, बरा आहे, गावाला शेती करतो. तोंडापर्यंत आलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. ‘तिन्ही?’ असं फोनवर विचारताना त्या अशाच बघत असतील, असं वाटलं.

“नाही सापडला, ताई.”

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं, निदान मी तसं धरलं. “रिकामं सोडू नको,” म्हणाल्या. मग, “मोसंबी सोलून दे. एवढी आणलीस तर.” मी सोललेल्या दोन फोडी त्यांनी खाल्ल्या. त्यानंतर अकराव्या दिवशी त्यांची मुलगी प्रज्ञा हिचा फोन आला.

महिन्याने प्रज्ञा घरी आली, कापडी पिशवीत पाटी घेऊन. पाटीवर पातळ वर्तमानपत्र चिकटपट्टीने लावलेलं, आतला ‘१’ पुसला जाऊ नये म्हणून. “आईने सांगितलंय, सावंतला दे, त्याचं आहे ते,” ती म्हणाली. बायकोने पाटी शोकेसमध्ये ठेवली, ऋताला झाडाच्या कामासाठी मिळालेल्या कपाशेजारी. ते दोन्ही शेजारी बघायची मला अजून सवय झालेली नाही. ऋता आता संख्याशास्त्रच शिकते. लॅपटॉपवर फाइल भरताना तिच्या खांद्यावरून मी ओरडतो, “लाल काय आलं ते वाच!” ती म्हणते, “बाबा, चिल, नुसती वॉर्निंग आहे.” मग मी शोकेसकडे बघतो आणि ती मुकाट्याने वाचते. मोठ्याने.

गुड्डू यंदाच्या फेब्रुवारीत सापडला. वसईच्या तिसऱ्या फेरीत एका गाळ्यात जुना मुकादम भेटला. त्याच्याकडे गाळ्यातल्या पोरांचा एक फोटो होता, आणि त्यातल्या एकाकडे गुड्डूच्या भावाचा नंबर. मी गाळ्याबाहेर उभा राहून फोन लावला. पलीकडे शेत असावं, कुठेतरी पंप चालू होता. मी माझं नाव सांगितलं, घाटकोपर सांगितलं, पाहणी सांगितली.

“गुड्डू तो नहीं रहा, साहब,” भाऊ म्हणाला. “बहोत साल हो गये. बंबई से बीमार होके आया था.”

कधी, मी विचारलं. साल विचारलं. त्याने सांगितलं. तेच साल.

“महिना?”

“होली से पहले.”

म्हणजे मी पाटीवर दोनच आकडे लिहून निघालो तेव्हा तो टेकडीवर होता. आणि ताईंनी ४१ लिहून चपला घातल्या, त्या दिवशी त्याला जाऊन महिना होऊन गेला होता. पुढची सगळी वर्षं ताई ज्याला शोधत होत्या, तो त्यांनी शोधायला सुरुवात करण्याआधीच गेला होता. मी भावाला सगळं सांगितलं, सुमनताईंच्या घरी सांगितलं तसं. माझ्या हिंदीत ते आणखीच वाईट ऐकू आलं असेल. मग तो म्हणाला, “इतने साल बाद कोई पूछ रहा है, अम्मा को बताऊँगा,” आणि फोन ठेवला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “ताईंना हे कळलं नाही तेच बरं.” मी हो म्हणालो, पण मला तसं वाटत नाही. ताईंना बरी बातमी नको होती, उत्तर हवं होतं.

मी पाटी काढली. फडकं ओलं केलं आणि तो ‘१’ पुसला. वर्षानुवर्षांच्या खडूचा पांढुरका डाग राहिलाच, दगडाने तो पिऊन टाकला होता. पाटी तशीच आत ठेवणार होतो. मग हात थांबला. रिकामी ठेवली असती तर ताई रागावल्या असत्या. मी ऋताकडून खडू मागून घेतला आणि मोठं शून्य काढलं.